काहून?

घाटाखाली 'का' असं कोणी विचारत नाही, 'काहून' असं विचारतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे लोक जिल्ह्याचे दोनच भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मी घाटावरची, चिखलीकडची. डी. एड. झाल्यावर पहिली नेमणूक मिळाली ती घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत. एस.टी. घाट उतरली तशी हवा तापली, जमीन काळी आणि सपाट झाली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या मांडीवरचा फिरकीचा तांब्या बघून विचारलं, "पाणी काहून आणलं वं घरून?" कुठल्या गावाला चालले ते सांगितल्यावर म्हणाली, "मंग बरं केलं माय."

ती असं का म्हणाली ते दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा. जमीन कसदार, कपाशी बघत राहावी अशी, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि हंडा दोन दिवस तसाच ठेवला की आत पांढरा थर धरतो. प्यायचं गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून बैलगाडीत ड्रम ठेवून आणायचं. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. तेव्हा त्या गावात कुणाच्या घरी गेलं तर चहा सहज मिळायचा, पाण्याला मात्र थोडा वेळ लागायचा.

अशा गावात मी पाण्याचा प्रयोग करायला घेतला.

प्रयोग साधा होता. डी. एड.ला बालमानसशास्त्रात आम्ही झाँ पियाजे शिकलो होतो. स्वित्झर्लंडचा हा माणूस पन्नासहून अधिक वर्षं मुलांच्या बुद्धीचा अभ्यास करत राहिला. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्यायचं. मुलानं 'सारखं आहे' असं कबूल केलं की त्यातल्या एका ग्लासातलं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत उंच, अरुंद भांड्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? लहान मूल पाण्याची उंची बघून फसतं आणि 'उंच भांड्यात जास्त' म्हणतं. सात-आठ वर्षांच्या सुमारास त्याला कळू लागतं की भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं. पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं. दुसरीचा वर्ग हातात आला आणि मी ठरवलं, प्रत्येक मुलाची अशी परीक्षा घ्यायची आणि कोण कुठल्या पायरीवर आहे ते नोंदून ठेवायचं.

ग्लास चहाच्या टपरीवरून आणले. उंच भांडं म्हणून काचेची एक बरणी मिळाली. पाणी माझ्याच तांब्यातलं, गोडं. एकेका मुलाला टेबलापाशी बोलवायचं, ओतायचं, विचारायचं, वहीत लिहायचं. बहुतेकांची उत्तरं पुस्तकात दिल्याप्रमाणेच आली. काही म्हणाले बरणीत जास्त, काही म्हणाले सारखंच. मला आनंद झाला, पुस्तक खरं ठरत होतं.

मग तो आला. साडेसात वर्षांचा असेल. वर्गात गप्प बसणारा, फळ्याकडे बघण्यापेक्षा खिडकीतून बाहेर बघणारा. मी ग्लासातलं पाणी बरणीत ओतलं आणि विचारलं. तो बरणीकडे बघेचना. हात मागे बांधून रिकाम्या ग्लासाकडेच बघत राहिला. मी बरणीवर बोट टेकवून पुन्हा विचारलं, "इकडं बघ. आता कशात जास्त?" त्यानं न ओतलेल्या ग्लासाकडे हात केला. "याच्यात. त्याच्यात कमी झालं."

मी वहीत फुली मारली. मनात आलं, इतर मुलं निदान उंचीला फसतात, याला तर तेही समजलेलं नाही. त्याच आठवड्यात चाचणीचे निकाल लिहायचे होते. त्याचे बाकीचे गुणही बेताचेच होते. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात आणि शाळेच्या संचयी नोंदपत्रकात एकच शेरा लिहिला, 'आकलनशक्ती वयाच्या मानाने कमी.' अक्षर माझं वळणदार होतं. मला आजही ती ओळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे दिसते.

प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आणायची असते. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून चुलत्याच्या सातवीतल्या मुलानं शेरा वाचून दाखवला. सोमवारी माझ्या वर्गातला तो मुलगा शाळेत आला नाही, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. माझ्या तेव्हा लक्षातही आलं नसतं, खोटं कशाला सांगू. आमच्या मुख्याध्यापक गुरुजींच्या आलं. ते रोज प्रार्थनेला मुलं मोजत. गुरुवारी त्यांनी मला हाक मारली. "बाई, दुसरीतलं पोरगं तीन दिवस झाले बकऱ्यांमागं हाय. काय झालं?"

मी वही दाखवली. पाण्याचा प्रयोग समजावून सांगितला, जरा अभिमानानंच. गुरुजींनी चष्मा वर सरकवून त्याच्या नावापुढची फुली बघितली आणि विचारलं, "ज्या पोराची नजर उंचीवर जाते, ते बरणीत जास्त म्हनीन, बरोबर?"

"हो."

"मंग हे पोरगं कमी काहून म्हणालं?"

मी गप्प. पुस्तकात तसं उत्तर नव्हतं.

"तुमी त्याले काहून म्हून इचारलं नाही?"

नव्हतं विचारलं. किती जास्त, कशात जास्त, सगळं विचारलं होतं, फक्त ते विचारलं नव्हतं.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी कपाटामागची लोखंडी पेटी ओढली आणि मळक्या कापडी बांधणीचं एक इंग्रजी पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. भारतीय मुलांची बुद्धी कशी मोजावी याविषयीचं, डॉ. व्ही. व्ही. कामत यांचं, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं १९४० साली छापलेलं. कामतांचं काम धारवाडकडचं. फ्रान्समध्ये जन्मलेली आणि अमेरिकेत वाढलेली बुद्धिमापनाची कसोटी त्यांनी १९३४ साली कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्यानं बसवली. बिने-कामत कसोटी म्हणून ती आपल्याकडे आजही वापरतात. पॅरिसच्या पोराच्या ओळखीची नाणी, चित्रं, शब्द धारवाडच्या पोरापुढे ठेवले तर ते पोर काय सांगणार? आणि त्याला सांगता आलं नाही म्हणून दोष कुणाचा? मोजायच्या आधी मूल कुठलं, त्याच्या घरी काय असतं, त्याच्या कानावर कुठली भाषा पडते हे बघावं लागतं. कामतांनी त्या कामाला वर्षं दिली.

"या रविवारी गोड्या विहिरीवर जाऊ," गुरुजी म्हणाले. "ते पोरगं आन् त्याचा बाप पाण्याले येतेत तिथं."

रविवारी उन्हं उतरल्यावर निघालो. गाडीवाटेनं तासभर चालायचं होतं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. त्या वाटेवर गुरुजींनी मला एका माणसाची गोष्ट सांगितली. तेवढी एकच गोष्ट मी पुढच्या सगळ्या नोकरीत जपून ठेवली. थोडं गुरुजींनी सांगितलेलं आहे, उरलेलं मी पुढं मिळेल तिथून वाचून भरलं.

आल्फ्रेड बिने १८५७ साली आजच्या फ्रान्समधल्या नीस इथं जन्मले. आधी कायदा शिकले. वैद्यकाकडे वळले, तेही पूर्ण केलं नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून मानसशास्त्राची पुस्तकं एकट्यानं वाचून काढली आणि तिथल्या एका विख्यात रुग्णालयात डॉक्टर शार्को यांच्या हाताखाली काम करू लागले. तिथं संमोहित बाईच्या अंगाजवळून लोहचुंबक फिरवला की तिच्या उजव्या हाताचा लुळेपणा डाव्या हातात जातो, असं बिने सांगू लागले. लेख लिहिले, वाद घातले. बेल्जियमच्या डेल्बफ नावाच्या प्राध्यापकानं येऊन बघितलं आणि सांगितलं की चुंबकाचा काही संबंध नाही. तुम्ही पेशंटसमोरच बोलता की आता असं होईल, आणि ती बिचारी तुम्हाला हवं तसं करते. तो वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी बिनेंना आपली चूक चारचौघांत मान्य करावी लागली. विचारणाऱ्याला जे उत्तर हवं असतं ते समोरचा माणूस देऊन टाकतो, हे त्यांना त्या मानहानीतून कळलं. पुढं त्यांनी मुलांवर याच गोष्टीचे प्रयोग केले आणि पुस्तक लिहिलं.

मग ते घरी बसून आपल्या दोन मुलींकडे बघू लागले. मादलेन आणि आलिस. एक चालायला शिकताना आधाराला धरून, अंदाज घेऊन पाऊल टाकायची. दुसरी सरळ खोलीच्या मध्यात जाऊन पडायची. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकच आई-बाप, आणि दोघींच्या बुद्धीची चाल वेगळी. बिनेंनी हे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं आणि १९०३ साली त्याचं पुस्तक काढलं. माझ्या मते बुद्धीच्या अभ्यासाची खरी सुरुवात प्रयोगशाळेत नाही, त्या घरात झाली.

पण मधे आणखी एक चूक झाली होती. त्या काळी मोठमोठे विद्वान मानायचे की मोठं डोकं म्हणजे मोठी बुद्धी. बिनेही मानायचे. ते शाळाशाळांत गेले, शिक्षकांनी हुशार आणि मंद म्हणून निवडलेल्या मुलांची डोकी मोजली. फरक निघाला जेमतेम मिलिमीटरभर. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण कुणाचं डोकं मोजतोय हे आधीच ठाऊक असलं की आपलाच हात नकळत हवं तिकडं झुकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तेही लिहून छापलं आणि डोकी मोजणं सोडून दिलं.

"बघा बाई," गुरुजी म्हणाले, "दोनदा चुकला हा माणूस. दोन्ही वेळा छापून सांगतलं, मी चुकलो. म्हून तिसऱ्यांदा त्याले कोणी पोरायच्या कामावर नेमलं."

ते काम १९०४ सालचं. फ्रान्समध्ये शाळा सक्तीची झाली होती. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना कशी मदत द्यायची, हे ठरवायला सरकारनं समिती नेमली. शिक्षकाच्या लहरीनं कुणाला 'मंद' म्हणून वर्गाबाहेर काढलं जाऊ नये, यासाठी काहीतरी माप हवं होतं. १९०५ साली बिने आणि त्यांचे सहकारी डॉक्टर थिओडोर सिमाँ यांनी तीस कृतींची कसोटी तयार केली. सोप्यापासून अवघडापर्यंत. पेटत्या काडीची ज्योत डोळ्यांनी धरता येते का, इथपासून दोन शब्दांतला बारीक फरक सांगता येतो का, इथपर्यंत. १९०८ साली त्यांनी ती वयाप्रमाणे लावली, म्हणजे अमुक वयाच्या बहुतेक मुलांना अमुक जमतं.

आणि १९०९ साली त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिलं. बुद्धी जन्मतः ठरलेली असते, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर ते त्यात तुटून पडले. पॅरिसच्या खास वर्गांत त्यांनी मुलांना मनाचे व्यायाम द्यायला लावले. पुतळा होऊन स्थिर उभं राहायचं, क्षणभर दाखवलेल्या वस्तू आठवून सांगायच्या. लक्ष देणं शिकवता येतं आणि त्याबरोबर बुद्धीही वाढते, असं त्यांचं म्हणणं होतं. १९११ साली, चोपन्नाव्या वर्षी, बिने वारले.

ते गेल्यावर एका वर्षानं विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बौद्धिक वयाला खऱ्या वयानं भागलं. १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी त्याला शंभरानं गुणलं, आणि बुद्ध्यांक नावाचा एक आकडा माणसाच्या कपाळावर बसला. ज्यांना मदत द्यायची त्यांना शोधण्यासाठी केलेलं माप लोकांना बाजूला काढण्यासाठी वापरलं गेलं. अमेरिकेत परदेशांतून बोटीनं येणाऱ्या गरिबांना ते बंदरावरच लावून बघितलं. 'मंदबुद्धी' ठरवलेल्या बायकापुरुषांची कायद्यानं, जबरीनं नसबंदी झाली, आणि १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली.

हे शेवटचं गुरुजींनी सांगितलं तेव्हा आम्ही विहिरीच्या जवळ आलो होतो. मला माझा शेरा आठवला आणि पाऊल जड झालं.

विहिरीवर गाड्या लागल्या होत्या. त्याचे वडील दोरानं पोहरा ओढत होते आणि तो गाडीत उभा राहून ड्रमात पाणी ओतत होता. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. वडिलांनी रामराम केला. गुरुजींनी शाळेचं विचारलं तशी दोर हातात धरूनच ते म्हणाले, "तुमीच लिवलं ना कागदावर. ज्याच्यात डोकंच नाही त्याले शाळंत ठिवून काय करू? बकऱ्या तरी राखीन."

आवाजात राग नव्हता. मास्तरीण बाईनं लिहिलं म्हणजे ते खरंच असणार, असं त्यांनी धरलं होतं. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी गाडीपाशी गेले. काय बोलावं सुचेना. पोरगं आपलं काम करत होतं, आणि मी नुसती बघत राहिले. पोहऱ्यातलं पाणी त्यानं ड्रमात ओतलं. आपण करतो तसं ओतून लगेच परत नाही दिलं. पोहरा पूर्ण उपडा केला, ड्रमाच्या काठावर टेकवला आणि धरून ठेवला. बुडाला राहिलेलं पाणी धारेनं आलं, मग थेंबाथेंबानं. थेंब थांबल्यावर पोहरा खाली दिला. पुढचा आला, पुन्हा तसंच. प्रत्येक पोहऱ्याला.

मी विचारलं, "त्या दिवशी बरणीत पाणी कमी झालं म्हणालास. काहून?"

पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. एवढी साधी गोष्ट बाईंना कशी कळली नाही, असं त्याच्या डोळ्यांत होतं. "गिलासाच्या बुडाले राह्यलं ना. तुमी ओतलं आन् तसाच ठिवला. आंगाले बी लागलं होतं." मग हळूच म्हणाला, "आन् दोन थेंब टेबलावर सांडले. तुमी पुसले."

मी खरंच पदरानं टेबल पुसलं होतं.

गुरुजी काही बोलले नाहीत. वडिलांचा दोर थांबला होता. मी गाडीच्या चाकाला टेकून उभी राहिले. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी 'सारखंच' म्हटलं, त्यांना मी बरोबरची खूण दिली होती. पण त्या टेबलावर जे प्रत्यक्ष घडलं ते वर्गात एकट्या यानं बघितलं होतं. ग्लास रिकामा झालेला नव्हता, म्हणून तो रिकाम्या ग्लासाकडे बघत होता.

मी वडिलांना म्हणाले, "दादा, मी चुकीचं लिहिलं. पोराचं उत्तर बरोबर होतं. मला विचारता आलं नाही." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. बाई चुकली असं बाईनंच म्हणावं, हे त्यांनी आधी ऐकलेलं नसावं. मग म्हणाले, "कागदावर लिवलेलं खोडता येते काय?"

"ज्यानं लिहिलं त्याले येते," गुरुजी म्हणाले.

तो बुधवारपासून शाळेत येऊ लागला. त्याच्यात काही चमत्कार झाला असं नाही. पाढे त्याला उशिराच आले. गावात शाळा चौथीपर्यंत होती, चौथीनंतर तो शेगावला मामाकडे राहून शिकला. एवढंच मला ठाऊक आहे.

माझं शिक्षण मात्र त्या विहिरीवर सुरू झालं. पुढं जे जे वाचलं त्यात मला तो पोहरा दिसायचा. पियाजेंचंच बघा. जीवशास्त्रातला तरुण माणूस, गोगलगायी-शिंपल्यांचा अभ्यास केलेला. १९१९ साली तो पॅरिसला गेला. बिने जाऊन आठ वर्षं झाली होती. सिमाँ यांनी त्याला तिथल्या एका शाळेत मुलांकडून तर्काच्या प्रश्नांची उत्तरं घेण्याचं काम दिलं. काम सोपं, बरोबर किती आणि चूक किती ते मोजायचं. पण त्याला चुकांचीच ओढ लागली. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं का चुकतात? तो मुलांशी बोलत बसला, त्यांना कारणं विचारत बसला, आणि त्याच्या आयुष्याचं काम त्या गप्पांतून उभं राहिलं. डी. एड.ला आम्ही पियाजेंच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या. त्यांची विचारायची रीत कुणी शिकवली नव्हती, किंवा शिकवली असेल आणि मी परीक्षेला नाही म्हणून सोडली असेल.

पियाजेंच्याही पुढं लोक गेले. स्कॉटलंडच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली मुलांच्या मनाविषयी एक लहानसं पुस्तक लिहिलं. मोठ्या माणसानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं, हे त्याच काळातल्या प्रयोगांत दिसलं. मी त्या दिवशी दोनदा विचारलं होतं, दुसऱ्यांदा तर बरणीवर बोट टेकवून. तरी ते पोरगं बधलं नाही, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांना मातीचा गोळा लांबवला तरी माती तेवढीच राहते हे इतर मुलांपेक्षा आधी कळतं, असं १९६९ साली आढळलं, कारण त्यांचे हात रोज मातीत असतात. अगदी अलीकडे, २०२५ साली, अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि बालमानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की यांच्या गटानं दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास छापला. गिऱ्हाइकाचा हिशेब ही मुलं तोंडी चोख करतात आणि वहीतल्या साध्या वजाबाकीला अडतात. शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलट. एकाच्या बुद्धीला दुसऱ्याचं दार उघडत नाही, आणि ते उघडून देणं हे आम्हा शिक्षकांचं काम होतं.

कसोटी म्हणजे वाईटच, असं मात्र मी कधी मानलं नाही, आणि कुणी तसं म्हटलं तर मी भांडते. काही वर्षांनी माझ्या वर्गात एक मुलगी आली. नऊ वर्षांची. तिला मी शंभरदा 'काहून' विचारलं, जमिनीवर बसून विचारलं, तिच्या आईच्या बोलीत विचारलं. तिला खरंच उमगत नव्हतं. तेव्हा तिला घेऊन मी नागपूरला गेले. नागपूरला या कामाची जुनी परंपरा आहे. डॉ. आर्थर मालिन यांनी तिथंच वेक्स्लर यांच्या कसोटीवरून भारतीय मुलांसाठी १९६९ साली कसोटी बसवली. मूल रोजच्या जगण्यात काय काय स्वतः करतं ते आईबापांना विचारून मोजणारी व्हाइनलँड श्रेणीही त्यांनीच आपल्याकडची करून घेतली. तिला आजही नागपूरची आवृत्ती म्हणतात. तिथल्या बाईंनी त्या मुलीबरोबर सबंध सकाळ घालवली. शेवटी त्यांनी मला आकडा आधी सांगितला नाही. आधी सांगितलं की हिला तीन गोष्टी एकदम सांगू नका, एक सांगा, ती झाली की दुसरी. हिला चित्र दाखवा. हिला दुकानातून वस्तू आणता येते, तिथून मोजणं सुरू करा. आकडा मग सांगितला, कागदावर तो लागतो म्हणून. कसोटीचा हा खरा उपयोग. ती मुलगी पुढं पैसे मोजायला शिकली, एस.टी.ची पाटी वाचायला शिकली.

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा कामतांचं ते पुस्तक मला देऊन गेले. काही वर्षांपूर्वी गुरुजी वारले. त्या भागात वान धरणावरून एकशे चाळीस गावांची पाणीपुरवठा योजना आली. लांबच्या विहिरीवर गाड्या लागण्याचे दिवस मागे पडले असतील.

शाळेत मात्र ते नोंदपत्रक मी असेपर्यंत लोखंडी कपाटात होतं, आणि माझी बदली झाली त्या दिवशी मी ते शेवटचं काढून बघितलं. 'आकलनशक्ती वयाच्या मानाने कमी' या ओळीवर लाल शाईची आडवी रेघ. खाली, विहिरीवरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहिलेली नोंद, पुढं माझी सही, आणि तिच्याखाली मुख्याध्यापकांची. नोंद एवढीच आहे : 'काहून म्हणून विचारले. उत्तर बरोबर होते.'